बर्फावरच्या हॉकीत गोलकीपरची उंची: फायदा नक्की किती इंचांचा?

झेपलं_तर

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलं आता बर्फावर दिसू लागली आहेत, आणि त्यातली काही हट्टाने गोलमध्येच उभी राहतात. तेरा-चौदाव्या वर्षी निवड चाचण्या सुरू झाल्या की पहिला शेरा ठरलेला: ‘चण लहान आहे.’ वर बघितलं तर शेरा अगदीच हवेतला वाटत नाही. एन.एच.एल.मध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, आज सहा फुटांखालचा गोलकीपर शोधून काढावा लागतो. नॅशव्हिलचा युसे सारोस ५ फूट ११ इंच, कॅल्गरीचा डस्टिन वुल्फ जेमतेम ६ फूट. दुसऱ्या टोकाला, आता लीगबाहेर गेलेले, बेन बिशप आणि मिक्को कोस्किनेन होते, दोघेही ६ फूट ७ इंच.

विचारायचं ते असं. उंचीचा फायदा कुठे होतो आणि मोजून किती? कमी उंचीच्या पोराने उभं राहण्यात, सरकण्यात, साहित्यात काय बदल करायचे? ‘जिद्द हवी’ छापाचे प्रतिसाद कृपया दुसरीकडे टाका.

कोनमापक

मोजूनच बघू. गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच, म्हणजे ७२ गुणिले ४८ इंच. आजचा गोलकीपर बहुतेक फटके बटरफ्लायमध्ये घेतो: गुडघे बर्फावर, नडग्या दोन बाजूंना पसरलेल्या, धड ताठ. त्यामुळे उभ्याने किती उंच आहे याला अर्थ नाही. गुडघ्यांवर बसल्यावर खांदा कुठे येतो ते बघा.

माणसाचा खांदा साधारण उंचीच्या ८२ टक्क्यांवर असतो आणि गुडघा २८ टक्क्यांवर. बसल्यावर गुडघ्याखालचा भाग हिशेबातून जातो, उरतात ५३-५४ टक्के. ६ फूट ४ इंचाच्या माणसाचा खांदा येतो सुमारे ४०-४१ इंचांवर, ५ फूट १० इंचाच्याचा सुमारे ३७ वर. दोघांनाही गुडघ्याखालची गादी आणि खांद्यावरचं पॅड यांचे तीनेक इंच मिळतात. म्हणजे उभ्याने दिसणारा ६ इंचांचा फरक बसल्यावर ३ इंच, फार तर सव्वातीन.

आता पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, जागेवरून बघा. पक बर्फावर असतो आणि तिथून आडव्या दांड्यापर्यंतची रेषा तिरकी चढते. गोलकीपर जितका पुढे, तितकी ती रेषा त्याच्या जागी खाली. सूत्र सोपं आहे: ४८ ला (पक ते गोलरेषा अंतर वजा गोलकीपर किती पुढे आहे) ने गुणायचं आणि पक ते गोलरेषा अंतराने भागायचं. पक ३० फुटांवर आणि गोलकीपर ३ फूट पुढे असेल तर झाकायची उंची ४३ इंच. ५ फूट पुढे आला तर ४०. म्हणजे त्या अंतरावर एक फूट पुढे सरकलं की १.६ इंच सुटतात, आणि हरवलेले ३ इंच भरून काढायला बुटक्याला जवळपास २ फूट जास्त पुढे यावं लागतं.

पक १५ फुटांवर असेल तर एक फुटामागे ३.२ इंच मिळतात, तिथे एका फुटात काम होतं. ६ फुटांवरून कोणी मारला आणि तुम्ही २ फूट पुढे असाल तर झाकायचे फक्त ३२ इंच. तिथे ५ फूट १० आणि ६ फूट ४ यांत खांद्याच्या वर जाण्याच्या दृष्टीने काहीही फरक नाही. उंचीचा मार बसतो तो मधल्या पट्ट्यात, २० ते ४० फुटांवर.

पट्ट्यापट्ट्यांचा

बरोबर, पण पुढे येणं फुकट नाही. ३ फूट पुढे, मध्यभागी उभा असलेला गोलकीपर खांबापासून सव्वाचार फुटांवर असतो. ५ फूट पुढे असेल तर पावणेसहा फुटांवर. आडवा पास झाला की हा दीड फूट त्याला जास्त कापायचा आहे, आणि पासच्या वेगाने कोणी सरकू शकत नाही. मैदानाच्या मध्यरेषेतून उभी रेघ मारा. ती ओलांडून आलेल्या पासवर लगेच मारलेला फटका सगळ्यात धोकादायक, हे आता कुठलाही प्रशिक्षक सांगेल. बुटका गोलकीपर नेमका तिथे उघडा पडतो.

म्हणून लहान चणीच्या पोरांना पहिलं काय शिकवायचं तर टी-पुश, म्हणजे उभ्याने आडवं सरकणं, आणि त्यानंतरचं थांबणं. झेल नंतर. क्रम असा: डोकं आधी नव्या जागेकडे, मग पुढच्या पायाचं पातं त्या दिशेला, मागच्या पायाने ढकलायचं, आणि फटका सुटायच्या आधी दोन्ही पाती थांबलेली. यात चौथी पायरी सगळ्यात जास्त चुकते. सरकत असताना फटका घेतला तर वजन एका बाजूला झुकलेलं असतं आणि उलट्या बाजूचा हात उशिरा उठतो. बघणारे म्हणतात ‘पोहोचला नाही’. पोहोचलेला असतो, थांबलेला नसतो.

खडकीचा_डी

मी गवतावरच्या, म्हणजे आता टर्फवरच्या, हॉकीवाला. आमच्याकडे हा वाद एवढा पेटत नाही आणि त्याचं कारण गोलचा आकार. आमचा गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच; क्षेत्रफळ तुमच्या साडेतीन पट. पेनल्टी कॉर्नरवर डीच्या टोकाहून, १४.६३ मीटरवरून, ड्रॅगफ्लिक, म्हणजे काठीने घसटत नेऊन भिरकावलेला चेंडू, येते. कोनमापक यांचं सूत्र लावलं आणि गोलकीपर २ मीटर पुढे आला, तरी झाकायची रुंदी ३.१६ मीटर आणि उंची १.८५ मीटर उरते. कुठल्याच देहाने ती भरत नाही. त्यामुळे आमचा गोलकीपर ‘भरण्याच्या’ फंदात पडत नाही. तो वाचतो: फ्लिकरचा मागचा पाय, काठीचं तोंड, चेंडू कुठे थांबवला.

ड्रॅगफ्लिक ताशी ११० किलोमीटरने आली तर बारा-साडेबारा मीटरला ०.४ सेकंद लागतात. तुमच्याकडे ताशी १४५ चा फटका ३० फुटांवरून आला आणि गोलकीपर ५ फूट पुढे असला तर ०.१९ सेकंद, म्हणजे डोळ्याने बघून हात हलायलाच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणून तुम्ही आधीच जागा भरून बसता आणि आम्ही झेपावतो. उंची आमच्याकडे हाताच्या पोहोचीच्या रूपात कामाला येते, नाही असं नाही. श्रीजेश अंगाने भरपूर उंच, पण टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटच्या सेकंदांतला कॉर्नर अडवला तो वाचनावर.

एक नियम बर्फवाल्यांना माहीत नसेल. कॉर्नरवर पहिला फटका सरळ हिट असेल तर चेंडू ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे मागच्या फळीच्या, वर जाता कामा नये. फ्लिकला ही अट नाही. त्यामुळे हिट येणार हे ओळखलं की काही गोलकीपर सरळ आडवे होतात. तिथे उंची म्हणजे जमिनीवरची लांबी!

बाकी मुंबईचे एड्रियन डिसूझा आणि सूरज करकेरा, यवतमाळचा आकाश चिकटे, हे भारताच्या गोलमध्ये उभे राहिले आहेत हे इथे नोंदवून ठेवतो, धागा बर्फाचा असला तरी.

उलटतपासणी

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण हा वाद निघाला की कोणीतरी एन.एच.एल.च्या गोलकीपरांची उंची आणि सेव्ह टक्केवारी (फटक्यांपैकी किती अडवले; .९०० म्हणजे ९० टक्के) शेजारी मांडतो आणि म्हणतो, ‘बघा, संबंधच नाही.’ ही तुलना मुळात चालत नाही. तिथे पोहोचलेला ५ फूट ११ इंची माणूस दहा गाळण्यांतून आलेला आहे. त्याच्या वेगाचे, त्याच्या वाचनाचे बाकीचे ५ फूट ११ इंची आधीच घरी गेले. ६ फूट ५ इंचीला गाळण्या ढिल्या होत्या. दोघे वर सारखेच दिसतात म्हणून खाली उंचीला किंमत नव्हती असं होत नाही. उलट, सारखे दिसण्यासाठी बुटक्याला बाकी सगळ्यात सरस असावं लागलं.

आणि निवडणाऱ्यांचा पूर्वग्रह खरा आहे. वुल्फ २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, २१४ व्या क्रमांकावर गेला. एकूण निवडी होत्या २१७. सारोस २०१३ मध्ये चौथ्या फेरीत, ९९ वा. पण लगेच निष्कर्ष काढू नका: कॉनर हेलेबक ६ फूट ४ इंच असून २०१२ मध्ये पाचव्या फेरीत, १३० वा गेला, आणि पुढे २०२०, २०२४, २०२५ अशा तीन वेझिना, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम गोलकीपरच्या ट्रॉफ्या, मिळवून बसला. गोलकीपर उशिरा पिकतो. अठराव्या वर्षी त्याचा अंदाज कोणालाच नीट येत नाही, आणि अंदाज येत नाही तिथे निवडणारा मोजपट्टी काढतो.

फरक किती महागात पडतो तेही बघा. सामन्याला ३० फटके धरले तर .९०० वाला ३ गोल खातो, .९१५ वाला २.५५. दोन सामन्यांत एक गोल. एवढ्यावर करार होतात आणि मोडतात.

झेपलं_तर

टिम थॉमसचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ५ फूट ११ इंच, २०१०-११ मध्ये .९३८, वेझिना, वर स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणि कॉन स्मिथ, म्हणजे प्ले-ऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी. तो तर क्रीजच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेच्या, बाहेर येऊन उभा राहायचा. मग कोनमापक यांचं सूत्र पुरेसं नाही का?

कोनमापक

थॉमससाठी पुरलं. पण त्याच्यासमोर हेन्रिक लुंडक्विस्ट ठेवा. ६ फूट १ इंच, म्हणजे आजच्या मापाने सामान्यच, आणि उभा राहायचा जवळजवळ गोलरेषेला चिकटून. भूमितीप्रमाणे हा वेडेपणा. पण मागे राहिल्याने त्याला फटका बघायला काही शतांश सेकंद जास्त मिळायचे आणि आडव्या पासवर कापायचं अंतर कमी. त्याने कोन विकून वेळ विकत घेतली. असं करायला हात तितकेच वेगवान हवेत, हे वेगळं सांगायला नको. कमी उंचीला पुढे येणं हा एकच इलाज आहे असं म्हणूनच म्हणवत नाही.

नीब्लॉक

साहित्याकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहितो. उंचीची किंमत गेल्या वीस वर्षांत वाढली त्यात नियमांचाही हात आहे. २००५-०६ मध्ये पायांच्या पॅडची रुंदी १२ वरून ११ इंच केली. लांबीला पूर्वी सरसकट ३८ इंचांची मर्यादा होती, म्हणजे बुटक्यालाही लांब पॅड घालून मांडीवर भिंत उभी करता यायची. मग लांबी शरीराच्या मापाशी बांधली, आणि २०१३-१४ पासून गुडघ्याच्या वरचा भाग गुडघा ते ओटीपोटाच्या हाडाच्या अंतराच्या ५५ ऐवजी ४५ टक्क्यांवर आणला. पुढे पँट आणि २०१८-१९ मध्ये छातीचं पॅडही अंगासरशी झालं. साहित्याने भरलेली जागा काढून घेतली की उरते ती हाडांची जागा.

तरी हौशी पातळीवर सगळ्यात मोठी चूक उलट दिशेची असते: मूल लहान आहे, मोठे पॅड घाला, वाढेल त्यात. असं करू नका. पॅडच्या आतल्या बाजूला गुडघा टेकायची गादी असते, तिला नी-ब्लॉक म्हणतात. खाली बसल्यावर गुडघ्याचा मध्य त्या गादीच्या मध्यावर पडला पाहिजे. पॅड लांब असेल तर गुडघा गादीच्या खालच्या कडेवर पडतो, पॅड पूर्ण फिरत नाही, त्याचं तोंड वर वळतं आणि फटका अंगावरून उडून समोरच जातो. शिवाय उभ्याने दोन्ही पॅडची वरची टोकं एकमेकांवर आपटतात, मूल पाय फाकून उभं राहतं, आणि पायांमधली फट, म्हणजे फाइव्ह-होल, कायमची उघडी. पॅड आखूड असेल तर खाली बसल्यावर दोन मांड्यांमध्ये त्रिकोण उघडा राहतो.

माप असं घ्या: स्केट घालून, गुडघा किंचित वाकवून, घोट्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. मग त्या कंपनीचा तक्ता बघा. ‘३२ अधिक १’ मधला अधिकचा आकडा मांडीवरचा जास्तीचा भाग, आणि एका कंपनीचा ३२ दुसऱ्याचा ३२ नसतो. कमी उंचीच्या मुलाला अधिक १ किंवा अधिक २ चालतो, पण गुडघा गादीवर बसत असेल तरच. पायाच्या टोकाची दोरी फार आवळू नका, थोडी ढील दिली तरच पॅड फिरतो.

हिवाळी_माई

धाग्यात कोणी बायकांच्या हॉकीचं नावही काढलं नाही! गोल तोच, ७२ गुणिले ४८. अमेरिकेची एरिन फ्रँकल ५ फूट ५ इंच, फिनलंडची नूरा रॅटीही तेवढीच. कोनमापक यांच्या हिशेबाने या दोघींचा खांदा बसल्यावर ३७-३८ इंचांवर येतो, तीनेक इंच गादीचे आणि पॅडचे धरूनसुद्धा. तरी ऑलिंपिकच्या पातळीवर उभ्या राहिल्या. फटक्यांचा वेग पुरुषांपेक्षा कमी असतो हे मान्य, पण गोल लहान झालेला नसतो.

त्यांच्याकडे बघून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे उशिरा बसणं. उंच गोलकीपर लवकर बसला तरी वरची जागा बरीचशी भरलेली असते. कमी उंचीची व्यक्ती फटका सुटायच्या आधी बसली की तिने दांड्याखालचे आठ-दहा इंच हातात दिलेच. म्हणून: पक काठीवर आहे तोवर पायांवर, पाती मोकळी, हात पोटाच्या पुढे, पक सुटला आणि खाली आहे हे दिसलं की बसायचं.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी खरं. साडेचार फुटी मूल पूर्ण आकाराच्या गोलमध्ये बसलं की खांदा ३१-३२ इंचांवर. २० फुटांवरच्या पकसाठी ४ फूट पुढे आलं तरी झाकायची उंची ३८ इंच. सहा-सात इंच उघडे, काहीही करा. त्या वयात वरून गेलेल्या गोलसाठी मुलाला बोलणं म्हणजे भूमितीवर रागावणं. त्याला आधी स्केटिंग द्या. आठव्या-नवव्या वर्षी दिवसभर बटरफ्लाय घोटून घेणारे प्रशिक्षक पाहिले की राग येतो, ते जाऊ दे.

पट्ट्यापट्ट्यांचा

माई, उशिरा बसण्याला +१. त्याला एक जोड. खांबाजवळ हल्ली सगळे आर.व्ही.एच. करतात: खांबाकडचा पाय आडवा, बूट खांबाला टेकवलेला, दुसरा पाय ढकलायला तयार, अंग खांबावर रेललेलं. उंच माणसाचा खांदा तिथे दांड्याच्या जवळ जातो. बुटक्याच्या खांद्यावर आणि कानाजवळ पक जाईल एवढी जागा राहते, आणि हल्ली पोरं नेमकी तिथेच मारतात. पक गोलरेषेच्या मागे किंवा रेषेवर असेपर्यंत आर.व्ही.एच. ठीक. पक रेषेच्या पुढे, बाजूच्या फेस-ऑफ वर्तुळाच्या जवळच्या कडेपर्यंत आला की उठायचं आणि खांब झाकून पायांवर उभं राहायचं. आळसाने बसून राहिलेला बुटका गोलकीपर आठवड्याला एक तरी असा गोल खातो.

समोर गर्दी असेल तेव्हाही फरक पडतो. ६ फूट ४ इंची माणूस ताठ उभा राहून समोरच्याच्या खांद्यावरून बघू शकतो. बुटक्याला बाजूने बघावं लागतं, म्हणजे पक ज्याच्या काठीवर आहे त्याचा मारायचा हात कुठला ते बघून त्या बाजूने डोकं काढायचं. मधून बघायचा प्रयत्न करायचा नाही, दिसत नाही.

उलटतपासणी

एक शंका. उंचीचे फायदे सगळे सांगताय, तोटे कोणी बोलत नाही. शंभर किलोच्या ६ फूट ६ इंची देहाला थांबून उलट दिशेला निघायला वेळ लागतोच ना?

कोनमापक

लागतो. शिवाय पाय लांब म्हणजे उभ्याने फाइव्ह-होल मोठं आणि गुडघ्याला बर्फापर्यंत जास्त अंतर. आणि काखेखालच्या फटी; हात लांब असलेला गोलकीपर कोपरं बाहेर ठेवतो तेव्हा तिथून पक आरपार जातो. पण प्रशिक्षकांचा हिशेब असा की हे दोष शिकवून कमी होतात. तीन इंच शिकवता येत नाहीत.

रुंदीच्या बाबतीत मात्र उंचीला हरवता येतं. नडगी आणि बूट मिळून २० इंच धरा. बसल्यावर पाय मागच्या सरळ रेषेपासून ६० अंश बाहेर वळत असेल तर एका बाजूला १७.३ इंच झाकले जातात. ७० अंश वळला तर १८.८. दोन्ही बाजू मिळून ३ इंच. ६ इंच जास्त उंचीच्या माणसाची नडगी लांब म्हणून त्याला खाली मिळणारा फायदा तीन इंचांच्या आसपास आहे. म्हणजे खुब्याच्या दहा अंशांत जवळपास सगळा वसूल.

नीब्लॉक

हे वाचून उद्या कोणी मुलांचे पाय ओढायला बसू नये म्हणून लगेच लिहितो. खुब्याचं आतल्या बाजूचं फिरणं साधारण माणसात ३० ते ४० अंश असतं, उरलेला कोन गुडघा आणि घोटा देतात. खुर्चीच्या कडेवर बसवून, गुडघे जुळवून, पाऊल बाहेर किती जातं ते बघा. पुढे हाडाला हाड लागत असेल, मांडीच्या सांध्यात पुढून टोचत असेल, तर तो ताणून सुटणारा प्रकार नाही. बटरफ्लाय गोलकीपरांमध्ये खुब्याच्या सांध्यातली ही अडचण आणि कडेच्या कूर्चेची दुखापत ओळखीची आहे. फिजिओकडे जा. बळजबरीने ताणलं तर भार गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधावर जातो.

झेपलं_तर

उत्तम चाललंय. शेवटचं एक: काठी. उंचीनुसार काठीत काय बदलतं?

नीब्लॉक

पॅडल. म्हणजे काठीचा खालचा रुंद भाग, पात्यापासून मुठीपर्यंतचा. एन.एच.एल.मध्ये त्याची कमाल लांबी २६ इंच. दुकानात प्रौढांसाठी २४ ते २६ सहज मिळतात. खेळायच्या पवित्र्यात उभं करून पातं पूर्ण बर्फावर टेकलंय का बघा. पॅडल लांब असेल तर ब्लॉकरचा, म्हणजे काठी धरलेला, हात वर ढकलला जातो, कोपर बाहेर येतं, काखेखाली फट, आणि पात्याची टाच उचलली जाऊन खालून पक सरकतो. आखूड असेल तर मूल कमरेत वाकतं आणि खांदे खाली येतात. ज्याचे खांदे आधीच कमी उंचीवर आहेत त्याला हे परवडत नाही. दोन मापांच्या मधोमध वाटत असेल तर बटरफ्लायमध्ये बसवून पुन्हा बघा. बसल्यावर पातं गुडघ्यांच्या पुढे, सपाट राहिलं पाहिजे. दुकानात पॅड घालूनच तपासा, साध्या बुटांवर घेतलेलं माप इंचभर तरी चुकतं.